सतरा नंबरचं फडकं

पंढरी भोईरांना कंपनीत लोक ओळखत ते फडक्यामुळे. एकतीस वर्षांपूर्वी, पवनचक्की ही काय चीज आहे हे ठाणे जिल्ह्यातल्या खडवली गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं तेव्हा, भोईरांचा हा पोरगा आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन साताऱ्याकडच्या पठारावर गेला आणि पुढची बावीस-तेवीस वर्षं शिडीवरून खाली उतरलाच नाही म्हणा ना. घरच्यांना वाटायचं, हा पिठाच्या गिरणीत कामाला आहे. त्यांचा गैरसमज दूर करायलासुद्धा पंढरींना सवड मिळाली नाही.

फडक्याची गोष्ट अशी, की चक्कीच्या डोक्यावर वाऱ्याची दिशा सांगणारं एक छोटं शेपूट असतं. त्याला व्हेन म्हणतात. व्हेन सांगेल तिकडे चक्की आपलं तोंड वळवते. आता हे व्हेनच चार-सहा अंशांनी वाकडं बसलेलं असेल, तर चक्की वाऱ्याला तिरकी उभी राहणार आणि वीज कमी देणार. ते तपासायला साहेबलोक बाहेरून यंत्रं मागवायचे आणि यंत्र येईपर्यंत वाऱ्याचा हंगाम उलटून जायचा. पंढरींनी एक दिवस बायकोच्या, शेवंतीच्या, जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून नेला. मशीन थांबवलं, डोक्यावरच्या खोलीच्या पुढच्या टोकाला हातभर फडकं बांधलं, आणि मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. फडकं खोलीच्या धारेशी सरळ उडत असेल तर व्हेन बरोबर, फडकं कलत असेल तर व्हेन चुकलेलं. एवढंच. पहिल्याच महिन्यात त्यांनी अकरा चक्क्या सुधारल्या आणि पठारावर त्यांचं नाव झालं.

पुढे जो कुणी नवा माणूस कामावर येई, त्याला पंढरी पहिल्या दिवशी लाल फडकं देत आणि सांगत, "खाली स्क्रीनवर काय पन दिसूदे. तू वर जा, फडकं बांध, तुझ्या डोल्यांनी बघ. फडकं खोटं बोलत नाय." शेवंतीची लुगडी संपली, मग साड्यांचे काठ सुरू झाले. माझ्या कपाटातला वारा महाराष्ट्राला पुरतोय, असं ती म्हणायची.

पण ही सगळी मागची गोष्ट झाली. आठ वर्षांपूर्वी पंढरींचे दोन्ही गुडघे कामातून गेले. डॉक्टरांनी शिडी बंद केली आणि कंपनीने त्यांना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात आणून बसवलं. चौथ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, भिंतीभर स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर दूरदूरच्या पठारांवरच्या चक्क्या हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांनी दिसायच्या. जन्मभर वाऱ्यात उभा राहिलेला माणूस आता एसीत बसून वाऱ्याचे आकडे वाचू लागला. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, गाडी, मग रिक्षा, आठ ते पाच ठिपके, पुन्हा रिक्षा, पुन्हा गाडी. थकवा त्यांच्या अंगात भाडेकरू म्हणून शिरला आणि हळूहळू मालक होऊन बसला. काही दुखतंय असं नव्हतं. नुसता कंटाळा, हाडापर्यंत गेलेला. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी ते एक श्वास घ्यायचे, आणि पुष्कळदा त्या श्वासातच उत्तर विरून जायचं. मार्चअखेर निवृत्ती होती, आणि तेवढे दिवस कसेबसे ढकलायचे, यापलीकडे त्यांनी डोक्यात काही ठेवलं नव्हतं.

तरी एक गोष्ट ठेवली होती. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस नव्या माणसांना शिकवायला यावं, असं कंपनीचे मॅनेजर प्रफुल्ल म्हणाले होते. शिकवायच्या खोलीत पंढरींचं पहिलं लाल फडकं काचेच्या चौकटीत लावायचं, खाली त्यांचं नाव लिहायचं, असंही ठरलं होतं. चौकट तयार होऊन प्रफुल्लांच्या केबिनमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली होती. येता-जाता पंढरी त्या चौकटीकडे बघत नसत, पण ती तिथे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असे.

आणि नेमक्या निवृत्तीआधीच्या डिसेंबरात सतरा नंबरची चौकशी लागली.

सतरा नंबर म्हणजे साक्रीच्या पलीकडच्या पठारावरचं नवं मशीन. जुन्या चक्क्या पंढरींच्या ओळखीच्या होत्या, पन्नास मीटर उंच, पातं चोवीस मीटरचं. हे नवं प्रकरण निराळंच. मनोराच एकशेचाळीस मीटर, आणि एकेक पातं ऐंशी मीटरचं. पातं वर गेलं की त्याचं टोक दोनशेवीस मीटरवर, खाली आलं की साठवर. ऑगस्टात भर वाऱ्याच्या दिवसांत ते कुरकुरायला लागलं, आणि उघडून पाहिलं तर एका पात्याच्या बुडाशी असलेलं भलंमोठं बेअरिंग खलास झालेलं. तपासणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. व्हेन आठ अंश फिरवलेलं होतं. ते फिरवायचा लेखी हुकूम कुठेच नव्हता, आणि त्या मशीनवर व्हेनला हात लावणारा शेवटचा माणूस होता भगवान.

भगवान हा तिथला मुख्य तंत्रज्ञ, अडतीस वर्षांचा. विशीत असताना तो साताऱ्याला पंढरींच्या हाताखाली तीन वर्षं होता. कमी बोलणारा, बघितल्याशिवाय बोल्टला पाना न लावणारा. त्याला नोटीस गेली, की परवानगीशिवाय व्हेन फिरवून मशीनचं नुकसान केल्याबद्दल कामावरून का काढू नये, ते ठाण्याला येऊन सांगावं. पठारावर दुसरी नोकरी नाही. जी एक आहे ती गेली की भगवानला बायकापोरं घेऊन नाशिक नाहीतर सुरत गाठावी लागणार, हे सगळ्यांना कळत होतं.

हुकूम लेखी नव्हता, कारण तो फोनवर दिलेला होता. दिला होता पंढरींनी.

त्याच वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. थंडीत रोज पहाटेपासून आठ-साडेआठपर्यंत सतरा नंबर हवी त्यापेक्षा कमी वीज देत होतं. शंभरात आठ-नऊ कमी. दुपारी सगळं ठीक. प्रफुल्लांनी दोन दिवसांत तीनदा विचारलं, "भोईर, तुमच्या सतराचं काय?" पंढरींनी भगवानला वर चढायला सांगितलं. सकाळी सात वाजता त्याने वरून फोन केला. मागे वारा भणभणत होता.

"काका, फडकं सरळ आहे. व्हेन बरोबर आहे."

पंढरींनी स्क्रीनकडे पाहिलं. ठिपका पिवळाच होता. त्या दिवशी त्यांचा गुडघा ठणकत होता, आदली रात्र नीट झोप नव्हती, आणि प्रफुल्लांचा चौथा फोन येणार हे दिसत होतं.

"वारा पडला असेल, फडकं लटकलं असेल," ते म्हणाले. "आठ अंश फिरव उजवीकडे."

"काका, दोनदा बघितलं मी."

"आता तिसऱ्यांदा नको बघू. इकडे स्क्रीनवर मला दिसतंय ना. फिरव."

मग भगवान "बरं" म्हणाला आणि त्याने व्हेन फिरवलं. लेखी हुकूम मागायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. ज्याने फडकं हातात दिलं त्या माणसाकडे कागद कसा मागणार?

आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सकाळची वीज वाढली. पूर्ण नाही, पण निम्मी तूट भरून निघाली. प्रफुल्लांनी पाठ थोपटली, चौकटीची कल्पना निघाली ती त्याच दिवशी. फिरवलेलं व्हेन तसंच राहिलं. उन्हाळा गेला, पावसाळ्याचा वारा आला, आणि ऑगस्टात बेअरिंग गेलं.

नोटीस निघाली तेव्हा पंढरींनी ती वाचली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तीन आठवडे गेले. माणूस दमलेला असला की त्याला खोटं बोलावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी भागतं. शिवाय त्यांच्या मनाने एक पळवाट शोधून ठेवली होती. व्हेन फिरवल्यावर वीज वाढली होती, म्हणजे आपण सांगितलं ते बरोबरच होतं. मग बेअरिंग दुसऱ्याच कशाने तरी गेलं असेल. भगवानने आठाच्या जागी दहा-बारा फिरवलं असेल आणि मग परत आणलं असेल. कोण जाणे. चौकशीत निघेल काय ते. असं स्वतःशी म्हणत ते रोज ठिपके बघत बसायचे. भगवानचा एकदाही फोन आला नाही, आणि तो येत नव्हता यामुळे त्यांना बरंही वाटायचं आणि तरी दिवसातून दहादा ते फोनकडे बघायचे.

शेवंतीच्या ते लक्षात आलं होतं. "काय झालंय तुमाला? जेवता पन येत नाय धड," ती म्हणाली.

"दमलोय."

"दमलेला मानूस झोपतं तरी. तुमी तर नुसतं आढ्याला बघत राहताव."

पंढरींनी कूस बदलली.

चौकशीच्या दोन दिवस आधीची सकाळ. खडवलीत कडाक्याची थंडी होती, म्हणजे आपल्याकडच्या मानाने. गाडी उशिरा असल्याचं कळलं म्हणून पंढरी स्टेशनच्या वाटेवर, वीटभट्टीच्या बांधाशी टेकून उभे राहिले. गुडघ्यांना तेवढाच आराम. उजाडत होतं. नुकतीच पेटवलेली भट्टी धूर सोडत होती. ती भट्टी आणि तो धूर ते जन्मापासून बघत आले होते. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या दिवशीही बघत राहिले.

भट्टीच्या कडांमधून पाझरणारा धूर वर चढत नव्हता. तो जमिनीलगत, नारळाच्या झाडाएवढ्या उंचीने, कसाऱ्याकडून येणाऱ्या गार झुळकीबरोबर टिटवाळ्याकडे सरकत होता. मधल्या तोंडातून मात्र तापलेला धूर जोराने उंच जात होता. तो वर गेला, आणि टिटवाळ्याकडे न जाता उजव्या हाताला, नदीपलीकडे पडघ्याच्या अंगाला वळला. एकाच भट्टीचा, एकाच वेळचा धूर. खालचा एकीकडे, वरचा दुसरीकडे. दोन्हींच्या मध्ये तो हळूहळू वळत गेलेला स्पष्ट दिसत होता.

पंढरी बांधावरून उठले. पुन्हा बसले. त्यांनी मनातल्या मनात त्या धुरात सतरा नंबर उभं केलं. मधोमध चक्कीचं डोकं आणि त्यावर भगवानचं लाल फडकं, अगदी सरळ उडणारं. फडकं खरंच बोलत होतं. पण ते आपल्या उंचीचंच बोलत होतं. त्याच्या ऐंशी मीटर वर पात्याचं टोक होतं, तिथे वारा उजवीकडून येत होता. ऐंशी मीटर खाली आलं की तेच टोक डावीकडच्या वाऱ्यात. जुन्या चक्क्या इतक्या लहान होत्या, की त्या डोक्यापासून पायापर्यंत एकाच वाऱ्यात मावत. ही नवी एवढी उंच, की तिचे पाय एका वाऱ्यात आणि डोकं दुसऱ्यात. म्हणून सकाळी वीज कमी. व्हेनचा काही दोष नव्हता. आणि वरचा वारा जोरदार, म्हणून आपण उजवीकडे फिरवल्यावर सकाळपुरती वीज थोडी वाढली. मग सूर्य वर आला की जमीन तापते, वरखालची हवा ढवळली जाते, सगळा वारा पुष्कळसा एका दिशेचा होतो. आणि तेव्हा, दुपारभर, उन्हाळाभर, पावसाळ्याचा सगळा जोर संपेपर्यंत, ते मशीन आठ अंश तिरकं उभं राहून मार खात होतं.

पळवाट तिथे बुजली. गाडी आली तेव्हा पंढरी चढले, पण कसे चढले ते त्यांना आठवत नव्हतं.

ऑफिसात संचिता नावाची इंजिनीयर होती, तिशीची, आकड्यांत रमणारी. पंढरी तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. ते कधी कुणाच्या टेबलाशी जात नसत, म्हणून ती उठूनच उभी राहिली.

"मॅडम, सतराच्या बाजूला वारा मोजायचा खांब आहे. त्याच्यावर वरचं व्हेन एक, आणि खाली तीस मीटरला एक. खालच्याचे जानेवारीचे आकडे काढता का?"

"खालचं व्हेन खराब आहे ना काका? वरच्याशी कधी जुळतच नाही. रेकॉर्डला तसा शेरा आहे."

"कुणाचा शेरा आहे?"

संचिताने पाहिलं. मग ती जरा घुटमळली. "तुमचाच आहे."

पंढरींनी मान हलवली. त्यांना तो शेरा मारल्याचं आठवतही नव्हतं. "आकडे काढा," ते म्हणाले.

आकडे निघाले. पहाटे वरच्या आणि खालच्या व्हेनमध्ये चौदा-पंधरा अंशांचा फरक, नऊनंतर तो कमी कमी होत दुपारी दोन-तीनवर. रोज. खराब व्हेन असं घड्याळ लावून खराब होत नाही. संचिता बराच वेळ त्या आलेखाकडे बघत होती.

"म्हणजे पातं एका फेरीत एकदा इकडून आणि एकदा तिकडून वारा घेतंय," ती म्हणाली. "मिनिटाला दहा वेळा."

"लुगडं पिळतात तसं," पंढरी म्हणाले. "थंडीतला तो पीळ तर आहेच. त्याच्यावर आपण दिवसाचा तिरकेपणा घातला."

"आपण म्हणजे?"

पंढरींनी नेहमीसारखा श्वास घेतला. त्या श्वासात उत्तर विरलं, आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

चौकशीच्या दिवशी सकाळी ते ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत गेले. धुळ्याची गाडी आली. भगवान उतरला तो इस्त्रीच्या शर्टात, हातात प्लॅस्टिकची फाईल आणि एक पिशवी. प्रवासाने चेहरा उतरलेला होता. पंढरींना बघून तो चपापला आणि मग वाकून पाया पडला. पंढरींना ते नको होतं, पण गुडघे मागे सरकेपर्यंत त्याचं पाया पडून झालं होतं.

दोघं डेपोबाहेरच्या टपरीवर चहा घ्यायला उभे राहिले. भगवानने पिशवीतून शेंगांची पुडी काढून दिली. घरच्या शेताच्या, म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच बोलला, "काका, तुम्ही काळजी करू नका. मी तुमचं नाव घेणार नाही."

पंढरींनी शेंगांची पुडी खिशात घातली.

"मार्चला तुमचं रिटायर आहे. चौकटीचं पण कळलं आम्हाला. साइटवर सगळ्यांना आनंद झाला. माझं काय, बघीन कुठेतरी." त्याने चहाचा घोट घेतला. "आणि चूक माझीच असणार. तुम्ही बरोबर सांगितलं होतं, वीज वाढलीच ना. मला फडकं सरळ दिसलं, म्हणजे माझीच नजर चुकली. तेव्हापासून मी फडकं बांधायचं सोडूनच दिलं. आपल्याला नीट दिसत नसेल तर उगाच कशाला? आता पोरांना पण सांगतो, स्क्रीनवाले म्हणतील ते करा."

हे तो अगदी साधेपणाने बोलला. पंढरींच्या हातातला चहा तसाच राहिला. नोकरीचं वाईट वाटेल याची त्यांनी मनाची तयारी केली होती. याची केली नव्हती. एका चांगल्या माणसाला आपणच डोळे दिले आणि आपणच ते काढून घेतले, आणि तो त्याबद्दल आपल्यालाच शेंगा देतोय. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली, की टपरीच्या बाकड्यावर बसावं लागलं.

"बरं वाटत नाही का काका?"

"गुडघा," पंढरी म्हणाले. "चल. उशीर होईल."

बैठक प्रफुल्लांच्या केबिनमध्ये होती. मुख्य ऑफिसातून एक साहेब आले होते, त्यांच्यापुढे कागद. भगवान खुर्चीच्या काठावर बसला. संचिता एका बाजूला. भिंतीशी ती चौकट, काचेआड लाल फडकं घडी पडणार नाही असं ताणून बसवलेलं. पंढरींना अनुभवी म्हणून मत द्यायला बोलावलं होतं.

साहेबांनी विचारलं, "व्हेन तुम्ही फिरवलंत?"

"हो साहेब," भगवान म्हणाला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

भगवानने फाईलकडे बघितलं. "मला वाटलं म्हणून."

"माझ्या सांगण्यावरून," पंढरी म्हणाले.

प्रफुल्लांनी पटकन मान वर केली. "भोईर, एक मिनिट. आपण नंतर बोलू का?"

"नंतर माझ्याच्यानं बोलवणार नाय साहेब. आत्ता बसलोय तर बोलून घेतो." पंढरींचा आवाज चढला नाही. तो रोजच्यासारखाच दमलेला होता. "फोनवर सांगितलं मी. सोळा जानेवारी, सकाळी सात. याने फडकं बांधलं होतं. मला म्हणाला, सरळ आहे, दोनदा बघितलं. मीच ऐकलं नाय. फडकं खरं होतं. याने बघितलं ते पण खरं होतं. मी इथं खुर्चीत बसून स्क्रीनवर बघितलं आणि त्याला खोटा पाडला."

मग त्यांनी धुराचं सांगितलं. साहेबांना भट्टीचं काही कळेना, तेव्हा संचिताने आलेख पुढे केला आणि खालच्या व्हेनवरचा शेराही दाखवला. पंढरींनी तो शेरा आपलाच असल्याचंही सांगून टाकलं.

"हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

पंढरींनी विचार केला. घाबरलो म्हणावं, तर तसं नव्हतं. लबाडी केली म्हणावं, तर तेवढा उत्साहही अंगात नव्हता. "दमलो होतो," ते म्हणाले. "पण ते काय कारण नाय झालं."

व्हायचं ते झालं. भगवानवरची नोटीस मागे घेतली, फक्त यापुढे तोंडी हुकूम पाळायचा नाही अशी तंबी देऊन. खांबावरच्या दोन्ही व्हेनचे आकडे रोज बघायचे, थंडीच्या पहाटे मोठ्या मशीनचा जोर थोडा कमी ठेवायचा, असं संचिताने लिहून दिलं आणि ते मान्य झालं. पंढरींना मार्चपर्यंत राहू दिलं, पण साइटला परस्पर सूचना द्यायला मनाई झाली. फोन येईल तो ऐकायचा, लिहून घ्यायचा, पुढे पाठवायचा. शिकवायला यायचं पुन्हा कुणी बोललं नाही. आठवड्याभरात ती चौकट केबिनमधून दिसेनाशी झाली, कुठे गेली ते पंढरींनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी खोपटला भगवान गाडीत बसला तेव्हाही दोघं फारसं बोलले नव्हते. रागावला होता की काय, कळायला मार्ग नव्हता. रागावायला हवं होतं, असं पंढरींना वाटलं. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. आदल्या रात्री त्यांनी शेवंतीकडे जुन्या साडीचा काठ मागितला होता. "आता आनी कुठं चढायचंय तुमाला?" असं म्हणत तिने तो फाडून दिला होता.

घरी परतल्यावर त्यांनी शेवंतीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "चौकट गेली म्हना," ती म्हणाली, आणि भात वाढला. त्या रात्री ते जेवले आणि झोपलेही. थकवा मात्र कुठे गेला नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळी सातला, त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मागे वारा भणभणत होता.

"काका, भगवान. एकवीस नंबरवर आहे. फडकं बांधलंय." मग म्हणाला, "डावीकडे कलतंय. चार अंश. तीनदा बघितलं. तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय?"

एकवीसचा ठिपका समोर होता, हिरवागार, कसली तक्रार नाही. पंढरींनी तिकडून नजर काढली आणि वही जवळ ओढली.

"माझं राहूदे," ते म्हणाले. "तू सांग. मी लिहून घेतो."